बोरघाटाच्या वाटेवरचा उच्छ्वास

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मागे टाकीत जो लोहमार्ग कर्जतहून बोरघाट चढतो, त्याच मार्गावरील लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून प्राणायामास प्रयोगशाळेत दाखल केले, हे लोकलमध्ये चौथ्या आसनावर अर्धवट टेकलेल्या प्रवाशास क्वचितच ठाऊक असते. उच्छ्वास सावकाश लांबविला की व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते. आणि व्यसनाची तल्लफ बहुधा काही मिनिटांतच ओसरणारी असल्याने तेवढा वेळ निभावण्यास हा उपाय कामी येतो. पुण्याच्या, १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही योग आहे, परंतु समुपदेशनाच्या जोडीने. मद्य एकाएकी सुटल्याने ज्याच्या हातात चहाची बशी थरथरते, त्यास झटके वा भ्रम होण्याचा धोका असतो; त्याच्यासाठी औषधाची तजवीज करण्याऐवजी शवासनाची सक्ती करणारा उत्साही शिक्षक मला वैऱ्यासमान वाटतो.