भित्तिपटावरील टिंब : क्षेत्रकार्यात लहान प्रक्षेपकाची मांडणी व सुरक्षित वापर

भाषावैज्ञानिक क्षेत्रकार्याच्या साधनांची चर्चा करताना आपण ध्वनिमुद्रक, प्रश्नावली व लिप्यंतराची पद्धती यांचा विचार पुष्कळ करतो. परंतु मिळवलेली सामग्री भाषकांपुढे पुन्हा ठेवून त्यांचा कौल घेण्याचे जे साधन, त्याचा विचार क्वचितच करतो. हातात मावणारा, ध्वनी व चित्र दोन्ही दाखवणारा लहान प्रक्षेपक हे आज असे साधन झाले आहे. शाळेच्या भिंतीवर वाक्ये दाखवावी, मुद्रित संभाषण ऐकवावे आणि ‘तुमच्याकडे असे म्हणतात काय?’ असे एकाच वेळी तीस-चाळीस भाषकांना विचारावे, ही सोय पूर्वीच्या संशोधकांना नव्हती. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. भाषक कौल देतो तो आपल्या वहीतील वाक्याला नव्हे. भिंतीवर त्याला जे दिसते व कर्ण्यातून जे ऐकू येते, त्याला. प्रस्तुत लेखाचा हेतू हा भेद स्पष्ट करणे व त्या अनुरोधाने प्रक्षेपक मांडण्याची आणि निर्धोकपणे वापरण्याची रीत सांगणे हा आहे.

प्रस्तुत लेखकाला हा धडा घाटावरील एका खेड्यात मिळाला. आदरार्थी बहुवचनाच्या वापराविषयी काही वाक्ये शाळेच्या भिंतीवर दाखवली होती. त्यांत ‘वडील आले, त्यांचा डबा दे’ असे एक वाक्य होते. मागे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ते एकमुखाने नाकारले. ‘बापाला असं बोलत्यात व्हय?’ असा त्यांचा सवाल होता. आदरार्थी रूप येथे वेगळे असावे, अशी नोंद लेखकाने वहीत केलीही. तेवढ्यात पहिल्या रांगेतील एक शाळकरी मुलगी म्हणाली, ‘सर, तिथं टिंब हाय. मागनं दिसत न्हाई.’ मागच्या रांगांनी ‘त्यांचा’ वाचलेच नव्हते. त्यांनी ‘त्याचा’ वाचले होते, आणि त्यांचा निषेध सर्वस्वी योग्य होता. चूक भाषकांची नव्हती, यंत्राचीही नव्हती. मांडणी करणाराची होती. ती मुलगी बोलली नसती तर एका बोलीविषयी खोटे विधान छापले गेले असते.

प्रकाशाच्या साह्याने भिंतीवर चित्र पाडण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साह्याने पडद्यावर दाखवीत. त्या प्रयोगांना ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव होते. संस्कृतात ‘शांबरी’ म्हणजे शंबरासुराची माया. आजचा शब्द ‘प्रक्षेपक’ हा मायेचा नसून ‘क्षिप्’ या धातूचा, म्हणजे फेकण्याचा आहे. यंत्राचे कार्य त्यातून नेमके कळते : आत एक लहान चित्र तयार होते आणि भिंग ते मोठे करून समोर फेकते. आतील चित्र घडवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत प्रकाश द्रव-स्फटिकाच्या पातळ पट्टीतून आरपार जातो. दुसरीत तो सूक्ष्म, हलत्या आरशांवरून परावर्तित होतो. ही आरशांची चकती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधली. रीत कोणतीही असो, चित्र हे मोजक्या बिंदूंचे बनलेले असते व प्रकाश मोजकाच असतो. पुढील सर्व नियम या दोन मर्यादांतून निघतात.

प्रकाश व अंतर

प्रकाशाचे माप ल्युमेनमध्ये देतात. खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ असे स्पष्ट लिहिलेला आकडाच तुलनेस योग्य. समजा, यंत्र २०० अ‍ॅन्सी ल्युमेनचे आहे आणि चित्र दोन मीटर रुंद पाडले आहे. नेहमीच्या १६ : ९ या प्रमाणात त्याची उंची सुमारे ११२ सेंटिमीटर व क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर होते. म्हणजे दर चौरस मीटरला ९० ल्युमेनहून थोडा कमी प्रकाश पडतो. दिवसा उघड्या खिडक्यांच्या वर्गात भिंतीवर याच्या कितीतरी पट उजेड असतो. प्रक्षेपक काळा रंग फेकू शकत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. चित्रातील काळे अक्षर म्हणजे प्रकाश न पडलेली भिंत. भिंत मुळातच उजळलेली असेल तर अक्षर करडे होते, आणि बारीक अवयव सर्वांआधी लोपतात. म्हणून खोली अंधारी करावी. ते शक्य नसेल तर चित्र लहान करावे. रुंदी निम्मी केली की तोच प्रकाश चतुर्थांश क्षेत्रात पडून चित्र चौपट उजळ होते.

यंत्र किती दूर ठेवावे, हे त्याच्या माहितीपत्रकातील प्रक्षेप-गुणोत्तरावरून ठरते. अंतर भागिले चित्राची रुंदी, असे ते असते. गुणोत्तर १.२ असल्यास दोन मीटर रुंदीसाठी यंत्र भिंतीपासून २.४ मीटरवर हवे. शाळांच्या भिंती बहुधा निळ्या-पिवळ्या असतात. त्यावर पांढरी चादर सुरकुती न पडेल अशी ताणून बांधावी.

यंत्र जमिनीवर ठेवून तोंड वर केले की चित्र वर रुंद व खाली अरुंद होते. ते चौकोनी करण्याची योजना बहुतेक यंत्रांत असते. पण ही दुरुस्ती फुकट होत नाही. यंत्र आपल्या बिंदूंपैकी काही विझवते आणि उरलेल्यांत सारे चित्र दाटीने बसवते. परिणामी शिरोरेषा दातेरी होते व टिंबे पुसट होतात. यास्तव यंत्र टेबलावर किंवा तिकाटण्यावर, भिंतीशी काटकोन करील असे ठेवावे. दुरुस्तीची योजना अगदीच निरुपाय झाल्यावर वापरावी.

अक्षर

रोमन लिपीसाठी सांगितलेले अक्षरांच्या आकाराचे नियम देवनागरीला पुरत नाहीत. आपल्या लिपीत अर्थभेद करणाऱ्या कित्येक खुणा शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी असतात : ‘त्याचा–त्यांचा’, ‘घरात–घरांत’, ‘दिन–दीन’, ‘सुत–सूत’. अनुस्वाराचे टिंब ढोबळमानाने अक्षराच्या उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढे असते. शेवटची रांग सहा मीटरवर असेल तर साडेतीन सेंटिमीटर उंचीचे अक्षर निरोगी डोळ्याला सुखाने वाचता येते. परंतु त्यातील टिंब जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे होते. आपले उत्तम निवेदक बहुधा वृद्ध असतात. त्यांच्यासाठी अक्षर दुप्पट, म्हणजे सात सेंटिमीटरचे धरावे. वरखालच्या मात्रांसह ओळीला चौदा सेंटिमीटर लागतात. तेव्हा ११२ सेंटिमीटर उंचीत कडेपासून कडेपर्यंत भरल्या तरी आठच ओळी मावतात. पानावर सहा ओळींहून अधिक लिहू नये, हे उत्तम.

बिंदूंच्या संख्येबाबतही सावध असावे. ‘१०८० ला अनुकूल’ एवढ्याचा अर्थ यंत्र तसे चित्र स्वीकारते इतकाच. स्वतः ते ४८० ओळींचेच चित्र फेकत असू शकते. माहितीपत्रकात ‘मूळ’ किंवा ‘नेटिव्ह’ क्षमता पाहावी.

मजकूर युनिकोड टंकात करून पीडीएफ स्वरूपात, टंक आत समाविष्ट करून न्यावा. नाहीतर परक्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. याखेरीज एक चाचणी-पान कायम जवळ ठेवावे. त्यावर वरील जोड्या प्रत्यक्ष वाक्यांच्याच आकारात लिहाव्यात. कार्यक्रमापूर्वी, ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा व्यक्तीला शेवटच्या रांगेत बसवून ते मोठ्याने वाचायला सांगावे. स्वतः वाचून पाहणे व्यर्थ आहे. आपल्याला जे ठाऊक असते ते आपल्याला दिसतेच.

ध्वनी

जे टिंबाचे तेच ध्वनीचे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांत लेखनभेद नाही. पहिला ज तालव्य, दुसरा दंत्य, एवढाच भेद आहे. ‘चार’ ही संख्या व ‘गुरांना चार’ यांतला ‘चार’, यांतही तोच भेद. दंत्य उच्चारातील घर्षणाचा जोर तालव्यापेक्षा वरच्या कंपनसंख्यांत असतो. यंत्रातील अंगभूत कर्णा लहान असतो, पंख्याची घरघर त्याच्याच शेजारी असते आणि रिकामी खोली घुमते. अशा स्थितीत हा भेद धूसर होतो आणि भाषक अंदाजाने कौल देतात. म्हणून उच्चारभेदाविषयी विचारणा करायची असल्यास वेगळा, तारेने जोडलेला कर्णा श्रोत्यांजवळ ठेवावा. ब्लूटूथने जोडलेल्या कर्ण्यात आवाज चित्राच्या किंचित मागे पडू शकतो. ओठांची हालचाल दाखवताना हे विशेष बाधक होते. शंकास्पद उदाहरण एकेका निवेदकाला कानावरच्या श्रवणीतून पुन्हा ऐकवावे.

सुरक्षितता

आता निर्धोक वापराविषयी. पहिली काळजी डोळ्यांची. प्रक्षेपकांच्या प्रकाशाचा धोका आयईसी ६२४७१-५ या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात गटवारीने सांगितला आहे, आणि गटाची खूण यंत्रावर छापलेली असते. दुसऱ्या गटाच्या यंत्रावर झोताकडे टक लावून पाहू नये, अशी सूचना असते. लहान मुलांना भिंगात डोकावण्याचे मोठे कुतूहल असते. म्हणून यंत्र त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये आणि ते चालू असताना जवळ एक जाणता माणूस असावा. भिंग टोपणाने झाकून चालू ठेवू नये, टोपण तापते.

दुसरी काळजी विजेची. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची आहे. तीन पिनांचे यंत्र असेल तर तिसरी पिन काढून किंवा दोन पिनांचा जोड लावून ते चालवू नये. ती पिन भूसंपर्कासाठी आहे. ज्या लहान यंत्रांच्या पुरवठा-ठोकळ्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी निरोधन असल्याने भूसंपर्क लागत नाही. तारा वाटेतून नेऊ नयेत. न्याव्या लागल्यास चिकटपट्टीने जमिनीला बसवाव्यात. अंधारात पायात तार अडकून वृद्ध निवेदक पडला, तर कोणत्याही संशोधनाने त्याची भरपाई होणार नाही.

वीज नसल्यास विद्युत्-साठ्याचा, म्हणजे पॉवरबँकेचा उपयोग होतो. त्यावरील २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतरातील घट वजा जाता सुमारे ६० उरतात, आणि ३० वॅटचे यंत्र त्यावर दोन तास चालते. यंत्राला लागणारा व्होल्ट व वॅट तो साठा देऊ शकतो की नाही, हे आधी तपासावे. फुगलेला साठा वापरू नये, उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये आणि विमानप्रवासात तो हातातील सामानातच न्यावा. १०० वॅट-तासांहून मोठ्या साठ्यास विमान कंपनीची परवानगी लागते.

तिसरी काळजी उष्णतेची. वायुमार्गांभोवती वीतभर जागा मोकळी असावी. यंत्र गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये. विभागातील जुन्या, दिव्याच्या प्रक्षेपकांत अतिदाबाचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये, आणि दिवा फुटलाच तर खोली रिकामी करून खिडक्या उघडाव्यात. गार मोटारीतून कोकणच्या दमट हवेत आणलेले यंत्र लगेच चालू करू नये; भिंगावरील दव सुकू द्यावे.

शेवटची काळजी माणसांच्या मानाची. भ्रमणध्वनीवरून चित्र दाखवताना तो आगंतुक संदेश दाखवणार नाही अशी व्यवस्था करावी. एखाद्या निवेदकाचे मुद्रित बोलणे गावापुढे ऐकवण्यापूर्वी त्याची स्पष्ट संमती घ्यावी. मुद्रणाला दिलेली संमती ही जाहीर प्रदर्शनाची संमती नव्हे. घरी सहज बोललेले वाक्य गावासमोर मोठ्याने ऐकू आले, की त्याचा अर्थ पालटतो.

या सर्व सूचनांचा मथितार्थ एकच. प्रक्षेपक हा व्याख्यानाचा अलंकार नसून पुराव्याच्या साखळीतील एक कडी आहे. ध्वनिमुद्रकाची तपासणी आपण जितक्या कसोशीने करतो, तितक्याच कसोशीने भिंतीची, अक्षराची व कर्ण्याची करावी. आणि प्रत्येक नोंदीसोबत चित्राची रुंदी, शेवटच्या रांगेचे अंतर व चाचणी-पानाचा निकाल या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. एखादे वाक्य भाषकांनी नाकारले, असे लिहिण्यापूर्वी ते त्यांच्यापर्यंत पोहोचले होते काय, हे त्या नोंदीवरून कोणासही पडताळता येईल.