अल्झायमर रोगाचे मस्तिष्क-प्रतिमादर्शन

अल्झायमर रोगात मेंदूतील तंत्रिका-कोशिकांत (मज्जापेशींत) व त्यांच्याभोवती होणारे बदल, रुग्ण हयात असताना व कवटी न उघडता अभ्यासण्याची तंत्रे. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे कोशिकांबाहेरील निक्षेप व कोशिकांतील तंतूंचे गुंते यांचे वर्णन केले, ते फ्रँकफुर्ट येथील एका मृत स्त्रीच्या मेंदूच्या रंजित छेदांवरून होते. निक्षेप अमिलॉइड-बीटा या, तर गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे बऱ्याच काळाने समजले. शवविच्छेदनापूर्वीचे निदान विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुख्यतः लक्षणांवरच आधारलेले असे.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत स्मृतीशी संबंधित अश्वमीन या भागाचा संकोच दिसतो; पण तो कोशिका नष्ट झाल्यानंतरचा. निक्षेप प्रत्यक्ष दाखविण्यासाठी पॉझिट्रॉन-उत्सर्जन छेददर्शनाचा आधार घ्यावा लागला. पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अमिलॉइड रंगविण्यास वापरल्या जाणाऱ्या थायोफ्लाविन-टी या रंजकात फेरफार केले. रंजकाच्या रेणूवरील विद्युत् भार काढून टाकल्याने तो रक्तातून मेंदूत शिरू लागला. त्यास किरणोत्सर्गी कार्बन-११ जोडून त्याचा मानवावरील पहिला वापर २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे झाला व निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्बन-११ चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन जवळच असावा लागतो. पुढे सुमारे ११० मिनिटे अर्धायुष्याच्या फ्ल्युओरीन-१८ चे अनुरेखक आल्यावर ही अडचण कमी झाली. टाऊ दाखविणाऱ्या फ्लॉरटॉसिपिर या अनुरेखकास अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

या प्रतिमांत ‘कोशिका दिसतात’ असे म्हणणे मात्र सैलपणाचे ठरेल. तंत्रिका-कोशिकेचा देह मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा, तर छेददर्शनाची विभेदनक्षमता काही मिलिमीटर; म्हणजे प्रतिमेतील एका ठिपक्यात लक्षावधी कोशिकांची सरासरी असते. म्हणून कोशिकांऐवजी त्यांची खूण असलेले रेणू शोधतात. तंत्रिकासंधींची घनता त्यांच्या पुटिकांतील एका प्रथिनावरून मोजता येते. मानवातील अशी मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली व रुग्णांच्या अश्वमीनात ही घनता घटल्याचे नंतर आढळले. शोथाचा अंदाज सूक्ष्मश्लेष्म कोशिकांत वाढणाऱ्या एका प्रथिनावरून घेतात. ते इतर कोशिकांतही असल्याने ही खूण तितकीशी भरवशाची नाही. एकेक निक्षेप व त्याभोवती जमणाऱ्या कोशिका द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहता आल्या आहेत, परंतु त्या उंदरांत.

अमिलॉइड आढळले म्हणजे स्मृतिभ्रंश झालाच असे नाही. ते अनेक निरोगी वृद्धांतही आढळते. लक्षणांच्या तीव्रतेशी टाऊच्या विस्ताराचा मेळ अधिक चांगला बसतो. तरीही अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या अमिलॉइडविरोधी औषधाने प्रतिमादर्शनास नवे महत्त्व आले. औषध देण्यापूर्वी अमिलॉइडची खात्री करावी लागते व ती छेददर्शनाने किंवा मस्तिष्क-मेरुद्रवाच्या तपासणीने करता येते. तसेच उपचारांत मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा ठराविक अंतराने घ्याव्या लागतात.