उन्हातील पडदा आणि शाळेची नोंद

प्राथमिक शाळेच्या दैनंदिन कामात खडू, फळा व हजेरीपत्रक यांच्या जोडीला आता मोबाइल आला आहे. शालेय पोषण आहाराची दररोजची संख्या त्यावर भरावी लागते. २०१७ पासून सुरू असलेल्या ‘दीक्षा’ या मंचावरील पाठ पाहण्यासाठी पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह त्याच्याच कॅमेऱ्यापुढे धरावे लागते. २०२३-२४ मध्ये सुरू झालेले ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान असो, अथवा २०२४ च्या जागतिक पर्यावरणदिनी आरंभ झालेला ‘एक पेड माँ के नाम’ हा वृक्षलागवडीचा उपक्रम असो, केलेल्या कामाची छायाचित्रे पाठविणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच एक भाग झाला आहे.

यांतील पुष्कळसे काम मैदानावर, परसबागेत व ध्वजस्तंभापाशी होते. तेथे पहिली अडचण येते ती ही, की उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. शिक्षक मान वाकडी करून, हाताचा आडोसा करून, अखेर अदमासाने बोट ठेवतो. छायाचित्रात मुलांची डोकी कापली जातात. ६ च्या जागी ८ भरला जातो. हजर असलेले मूल गैरहजर नोंदले जाते. अडचण क्षुल्लक वाटली, तरी तिचा परिणाम शाळेच्या नोंदीवर होतो. म्हणून तिचे कारण व उपाय प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पडदा का दिसत नाही?

उन्हात पडद्याचा प्रकाश कमी होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. पडदा वर्गात जेवढा उजळतो, निदान तेवढाच मैदानातही उजळतो. फरक पडतो तो बाहेरच्या प्रकाशात.

प्रकाश किती पडतो हे ‘लक्स’ या मापाने मोजतात. चांगल्या उजेडाच्या वर्गखोलीत बाकावर सुमारे ३०० लक्स प्रकाश असतो. झाडाच्या मोकळ्या सावलीत तो सुमारे १०,००० लक्स असतो, आणि भर दुपारच्या निरभ्र उन्हात १,००,००० लक्सच्या घरात जातो. वस्तू स्वतः किती उजळ दिसते, यासाठी ‘निट’ हे दुसरे माप आहे. साधारण मोबाइलचा पडदा ४०० ते ६०० निट उजळतो. महागड्या मोबाइलचा १,००० निटच्याही पुढे जातो. त्याच उन्हात ठेवलेला पांढरा कागद मात्र सुमारे २५,००० निट उजळ असतो. म्हणजे तो साध्या पडद्याच्या चाळीस-पन्नास पट तेजस्वी झाला. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. तो सूर्याचाच प्रकाश परत देतो, म्हणून ऊन जितके वाढते तितका तो उजळतो. पडद्याला मात्र आपल्या तुटपुंज्या प्रकाशावर सूर्याशी सामना करावा लागतो.

दुसरे कारण पडद्यावरील काच हे आहे. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे शेकडा ४ भाग आरशासारखा परत पाठविते. पडद्यासमोर जे असेल, म्हणजे पाहणाऱ्याचा चेहरा, त्याचा सदरा, त्याच्या पाठीमागचे आकाश, ते सर्व त्या काचेत उमटते. सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाचा पांढरा सदरा उन्हाने १५,००० निट उजळला असे धरू. त्याचे शेकडा ४, म्हणजे ६०० निट, काचेतून डोळ्यांत येतात. पडदा ५०० निटचा असेल, तर त्याचा पांढरा भाग ५०० अधिक ६०० मिळून १,१०० निट दिसतो, आणि काळा भाग नुसत्या प्रतिबिंबामुळे ६०० निट दिसतो. अक्षर व कागद यांतील फरक असा दुपटीपेक्षाही कमी उरतो. झाडाच्या सावलीत तोच सदरा सुमारे २,००० निट उजळतो व प्रतिबिंब ८० निटचे पडते. तेव्हा फरक सातपट होतो. वर्गखोलीत हा फरक दोनशे पटीच्या घरात जातो. हिशेब ढोबळ असला, तरी त्यावरून मर्म कळते. पडदा मंदावत नाही. तो प्रतिबिंबाखाली झाकला जातो.

फळ्याचा अनुभव असलेल्या शिक्षकास हे नवे नाही. तुळतुळीत झालेला फळा खिडकीसमोर आला, की एका कोपऱ्यातील मुलांना तो चकाकतो व अक्षरे दिसत नाहीत. तेथे शिक्षक खडू अधिक जोराने ओढीत नाही. तो खिडकी लोटतो किंवा फळा किंचित फिरवितो. मोबाइलच्या पडद्यासही हाच न्याय लागू आहे.

वऱ्हाडातील ऊन

अमरावती व अकोला जिल्ह्यांत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास व कधी त्याहूनही वर जातो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात त्या यामुळेच. परंतु उष्णता व उजेड या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिखलदऱ्याची हवा थंड असली, तरी तेथील निरभ्र दुपारी पडदा दर्यापूरइतकाच दिसेनासा होतो.

सूर्याची उंचीही ध्यानात घ्यावी. अकोला व अमरावती ही दोन्ही शहरे २१ उत्तर अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान, सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैत शाळा भरलेल्या असतात. ढग फाकले, की अंगाच्या सावलीचा काही उपयोग होत नाही. उलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य सुमारे ४६ अंशांवरच असतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. तेव्हा पाठ सूर्याकडे केली, तरी काम भागते.

जुन्या छायाचित्रकारांचा उपाय

ही अडचण मोबाइलबरोबर जन्मली नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी कॅमेऱ्याच्या मागे घासलेल्या काचेची तावदानी असे व तिच्यावर समोरचे दृश्य उलटे, अंधूक उमटे. उघड्या उजेडात ते दिसत नसे. म्हणून छायाचित्रकार कॅमेऱ्यावर व स्वतःच्या डोक्यावर काळे कापड घेई. ते कापड चित्र उजळीत नसे. बाहेरचा उजेड अडवी, एवढेच.

पुढे कॅमेऱ्यास डोळा लावून पाहण्याची खिडकी आली. डोळ्यानेच ती झाकली जात असल्यामुळे उन्हाचा त्रास राहिला नाही. १९९५ मध्ये ‘कॅसिओ क्यूव्ही-१०’ या अंकीय कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र दाखविणारा पडदा आला व पुढे तीच रीत रूढ झाली. मोबाइलला तर डोळा लावण्याची खिडकीच नाही. सर्व भिस्त पडद्यावर. तेव्हा काळ्या कापडाचे तत्त्व आज पुन्हा उपयोगी पडते.

शिक्षकांनी योजावयाचे उपाय

१. प्रथम सावली शोधावी. शाळेच्या ओसरीत किंवा कडुनिंबाखाली उभे राहावे. पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत किंवा उघडे आकाश नसावे. खोलीचे दार, झाडाचे खोड अशी गडद वस्तू असावी. पडद्यात उमटते ते पाठीमागचेच.

२. सूर्य तिरपा असेल, उदाहरणार्थ १५ ऑगस्ट व २६ जानेवारी यांच्या सकाळी, तर पाठ सूर्याकडे करावी व पडदा आपल्या सावलीत धरावा. आपल्या कपड्याची समोरील बाजूही सावलीत गेल्याने प्रतिबिंब फिके होते.

३. सूर्य माथ्यावर असेल, तर काळी छत्री घ्यावी. तिची आतील बाजूही काळी असल्याने ती ऊन अडविते व स्वतः चकाकत नाही. छत्री नसल्यास गडद रंगाचा दुपट्टा डोक्यावरून पडद्यापर्यंत ओढून घ्यावा.

४. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा. वरच्या कडेस, पुढील कॅमेऱ्याजवळ, बाहेरचा उजेड ओळखणारा बारीक संवेदक असतो. तो बोटाने किंवा वेष्टनाने झाकला गेल्यास मोबाइल सावलीत असल्याचे समजून पडदा आपोआप मंद करतो.

५. काच मऊ सुती कापडाने पुसावी. बोटांचा तेलकटपणा व धूळ ऊन विखुरतात आणि पडदा दुधी दिसतो.

६. गॉगल लावून पाहताना पडदा एकदम काळा दिसल्यास मोबाइल आडवा फिरवून पाहावा किंवा गॉगल काढावा. पोलराइज्ड काच एका विशिष्ट दिशेचाच प्रकाश पुढे जाऊ देते व पुष्कळ पडद्यांचा प्रकाशही एकाच दिशेचा असतो. दोहोंची दिशा न जुळल्यास तो अडतो.

७. मोबाइल उन्हात तापू देऊ नये. कित्येक निर्मात्यांनी तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरावा असे सांगितले आहे. वैशाखात वऱ्हाडात ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. तापलेला मोबाइल स्वतःच्या रक्षणासाठी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवितो व कधी बंदही पडतो. अशा वेळी तो सावलीत ठेवून आपोआप निवू द्यावा. ओल्या फडक्यात गुंडाळू नये किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये.

छायाचित्र घेताना

उन्हात पडद्यावर चित्र काळपट दिसते, म्हणून पुष्कळ जण ते अधिक उजळ करतात. पुढे वर्गात पाहता चेहरे पांढरेफटक पडलेले आढळतात. यास्तव उन्हातील पडद्यावरून चित्राच्या उजेडाची परीक्षा करू नये. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यास बोट लावून कॅमेऱ्यास तेथील उजेड घेऊ द्यावा, दोन-तीन छायाचित्रे काढावीत व त्यांची निवड वर्गात बसून करावी. बाहेरून आत आल्यावर डोळ्यांस अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा, म्हणजे पडदा खरा दिसतो.

शिक्षकास पडदा दिसेपर्यंत मुलांना उन्हात उभे करणे सर्वथा अयोग्य आहे. आधी जागा व चौकट ठरवावी, मग मुलांना बोलवावे. रोपे लावतानाचे किंवा कवायतीचे चित्र शक्य तेथे सकाळीच घ्यावे. छायाचित्र हे कामाचा पुरावा आहे. त्याच्यासाठी मुलाच्या प्रकृतीस अपाय होता कामा नये.

वर्गासाठी पाठ

वरच्या वर्गांना प्रकाशाचे परावर्तन शिकविताना हाच विषय घेता येईल. तसबिरीची चौकटबंद काच घेऊन तिच्यामागे प्रथम काळे कापड धरावे; मुलांना काचेत स्वतःचा चेहरा दिसेल. मग काळ्या कापडाच्या जागी पांढरा कागद धरावा. चेहरा जवळजवळ नाहीसा होईल. पडद्याचे काळे भाग उन्हात आधी का बुडतात, हे यावरून मुले स्वतःच सांगतील. दुसरा प्रयोग दगडी पाटीचा. पाटीवर लिहून ती ओली करावी व आकाशाकडे हळूहळू कलती करावी. एका कोनात चकाकी येऊन अक्षरे दिसेनाशी होतील. काच किंवा आरसा सूर्याकडे वळवून कोणाच्या डोळ्यांवर कवडसा पाडू नये, ही ताकीद आधी द्यावी.

कार्यानुभवाच्या तासाला जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांपासून पडद्यावर बसणारी झापडही करता येते. मोबाइलच्या मापाची, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर खोल अशी चौकोनी नळी करून तिला आतून काळा कागद चिकटवावा. जुन्या काळ्या कापडाचेच हे लहान रूप होय.

नोंदीची सचोटी

एवढे करूनही पडदा स्पष्ट दिसत नसेल, तर नोंद तेथे करू नये. कागद उन्हात अधिकच उजळतो, हे वर सांगितलेच आहे. मैदानातील संख्या, नावे व मापे प्रथम वहीत पेन्सिलीने टिपावीत आणि वर्गात आल्यावर मोबाइलवर उतरवून वहीशी ताडून पाहावीत. यात पाच मिनिटे अधिक जातात. परंतु अदमासाने दाबलेल्या एका आकड्यामुळे एखाद्या मुलाची हजेरी चुकते किंवा शिजलेल्या अन्नाचा हिशेब बिघडतो, आणि तो दुरुस्त करण्यात अनेक दिवस जातात. जे डोळ्यांना नीट दिसले तेवढेच नोंदवावे, हा हजेरीपत्रकाचा जुना दंडक मोबाइलच्या पडद्यासही तितकाच लागू आहे.