घरात दोन-तीन लहान मुलं आहेत? तापाच्या औषधाचं एकच माप सगळ्यांना चालत नाही

घरात एकाहून जास्त लहान मुलं असली की आजारपण एकाला येऊन थांबत नाही. सोमवारी बालवाडीतून आलेल्या मधल्याला सर्दी होते, बुधवारी मोठीचं अंग तापतं आणि शुक्रवारी तान्ह्या बाळाचं नाक वाहू लागतं. आई-वडिलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तसं नसतं. सर्दी-तापाचे बरेच विषाणू लक्षणं दिसण्याच्या आधीपासूनच पसरू लागतात. एकाला ताप आल्याचं तुमच्या लक्षात येतं, तोवर त्याच्या पेल्यातून पाणी प्यायलेल्या आणि शेजारी झोपलेल्या भावंडापर्यंत ते पोहोचलेले असतात.

अशा साध्या विषाणूजन्य तापातून बहुतेक मुलं काही दिवसांत बरी होतात. घरात खरी गडबड होते ती औषधाच्या बाटलीवरून. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, दवाखाना बंद असतो आणि मोठीला मागच्या महिन्यात दिलेली बाटली कपाटात असते. "हिला एक चमचा दिलं होतं, त्याला अर्धा देऊ," असा हिशेब केला जातो. हा हिशेब का चुकतो आणि त्याऐवजी काय करावं, ते या लेखात पाहू.

मात्रा वजनावर ठरते

लहान मुलांच्या तापासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे पॅरासिटामॉल. त्याची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलीग्रॅम असते. दोन मात्रांमध्ये किमान ४ तासांचं अंतर हवं, शक्यतो ६ तासांचं. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये.

तीन भावंडांचं उदाहरण घेऊ:

• ७ किलोचं बाळ: एका वेळी ७० ते १०५ मिलीग्रॅम
• १४ किलोचं मूल: एका वेळी १४० ते २१० मिलीग्रॅम
• २० किलोचं मूल: एका वेळी २०० ते ३०० मिलीग्रॅम

एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात तीन-चार किलोंचा फरक सहज असतो. म्हणून प्रत्येक मुलाचं अलीकडचं वजन माहीत हवं. दर दोन-तीन महिन्यांनी वजन करा आणि लिहून ठेवा. घरी मोठ्यांचा वजनकाटा असेल तर आधी मुलाला कडेवर घेऊन स्वतःचं वजन करा, मग एकट्याचं करा आणि वजाबाकी करा. अगदी तान्ह्या बाळासाठी मात्र दवाखान्यातला किंवा अंगणवाडीतला काटाच बरा.

बाटलीवरचा छोटा आकडा वाचा

पॅरासिटामॉलची पातळ औषधं वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅम असतं, तर जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये ५ मिलीत २४० किंवा २५० मिलीग्रॅम. खोके दिसायला सारखे, चवही सारखीच, म्हणून फरक लक्षात येत नाही.

आता वरच्या ७ किलोच्या बाळाला "५ मिली" दिलं तर काय होईल, ते पाहा. साध्या सिरपमधून १२५ मिलीग्रॅम जातील, म्हणजे थोडं जास्त. तीव्र सिरपमधून २५० जातील, म्हणजे कमाल मात्रेच्या दुपटीहून अधिक. आणि ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ मिली दिलं, तर ५०० मिलीग्रॅम पोटात जातील. बाळाला पूर्ण दिवसात जेवढं द्यायचं, त्याहूनही हे जास्त आहे. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित असतं, पण जास्त मात्रा गेली, विशेषतः पुन्हा पुन्हा गेली, तर यकृताला इजा होते. सुरुवातीला मूल बरं दिसतं, त्यामुळे हे उशिरा कळतं.

उलटही घडतं. धाकट्याचं साधं सिरप ५ मिली मोठ्या मुलीला दिलं, तर तिला जेमतेम अर्धं औषध मिळतं. ताप उतरत नाही, मग "औषध लागू पडत नाही" म्हणून दोन तासांनी पुन्हा दिलं जातं किंवा दुसरं औषध सुरू होतं. म्हणून डॉक्टरांनी मात्रा सांगितली की एवढंच विचारा: "ही मात्रा कोणत्या बाटलीची?" आणि बाटलीवर पेनानं मुलाचं नाव आणि माप लिहून ठेवा.

मोजायला घरातला चमचा नको. कोणाचा चमचा ३ मिलीचा, तर कोणाचा ७ मिलीचा असतो. बाटलीसोबत आलेला मापाचा कप, ड्रॉपर किंवा औषध दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज वापरा. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरू नका.

एकाच रात्री दोनदा दिलं जाऊ नये म्हणून

दोन मुलं तापानं फणफणत असताना घरातली सगळी मोठी माणसं मदतीला येतात. आई नऊ वाजता औषध देते आणि बाळाला घेऊन झोपते. दहा वाजता आजीला अंग गरम लागतं आणि ती पुन्हा देते. यात कोणाचा दोष नाही, फक्त नोंद नाही.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. त्यावर चार रकाने पुरेत: मुलाचं नाव, औषध, किती मिली, किती वाजता. देणाऱ्यानं लगेच लिहायचं. लिहिलेलं नसेल तर द्यायच्या आधी घरात विचारायचं, मग त्यासाठी कुणाला झोपेतून उठवावं लागलं तरी चालेल.

आणखी एक लपलेली दुहेरी मात्रा असते. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, किंवा पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक ॲसिड अशी एकत्र औषधंही मिळतात. नाव वेगळं असलं तरी आतलं औषध तेच. नवीन बाटली उघडण्याआधी लेबलवर "पॅरासिटामॉल" हा शब्द शोधा.

निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली घरात असेल तर टाकून द्या. मुलांच्या तापासाठी ॲस्पिरिनही देऊ नये.

एकाचं उरलेलं अँटिबायोटिक दुसऱ्याला नको

"दोघांना एकच झालंय, मग तेच औषध देऊ" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण सर्दी, खोकला आणि साधा ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो आणि त्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. मोठीला ते कानाच्या किंवा घशाच्या जिवाणू संसर्गासाठी दिलं असेल, धाकट्याला तो संसर्ग नसेलच. शिवाय पावडरमध्ये पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक थोडेच दिवस टिकतं, बरीचशी सुमारे आठवडाभरच. महिन्याभरापूर्वीची बाटली उपयोगाची राहत नाही. वाटून दिल्यामुळे ज्याचं औषध आहे त्याचाही कोर्स अपुरा राहतो.

खोकला, मध आणि कापूर

लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुधा सिरपशिवाय बरा होतो. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. मोठ्याच्या खोकल्याच्या बाटलीतला "थोडासा घोट" बाळाला देण्याचा प्रश्नच येत नाही.

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध दिल्यानं रात्रीचा खोकला कमी होतो. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, बाळगुटीतूनही नको. मधातल्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एवढ्या लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. भावंडांना एकाच वाटीतून मध देत असाल, तर बाळाच्या तोंडापासून ती वाटी लांब ठेवा.

मोठ्या मुलाच्या छातीला लावायचा बाम दोन वर्षांखालील मुलाला लावू नका. कापराची वडी रुमालात बांधून बाळाजवळ ठेवण्याची पद्धतही सोडून द्या. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि हाती लागेल ते तोंडात घालण्याचंच हे वय असतं. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब पुरतात.

सगळ्यांना चालणारी एक गोष्ट

जुलाब सुरू झाले तर ओआरएस मात्र सगळ्यांसाठी एकच असतं. मोठं पाकीट बहुधा एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण ओता. बाळासाठी जास्त पातळ किंवा मोठ्यासाठी जास्त घट्ट करू नका. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं किंवा घोट-घोट द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्या. ओआरएस एकाच भांड्यात केलं तरी प्रत्येकाचा पेला आणि चमचा वेगळा ठेवा.

मोठ्यांच्या गोळ्या, लहानांचे हात

लहान मुलं असलेल्या घरात आईच्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या हमखास उरलेल्या असतात. आजी-आजोबांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर किंवा पिशवीत असतात. चार वर्षांचं मूल "डॉक्टर-डॉक्टर" खेळताना धाकट्याला त्या भरवू शकतं. या गोळ्या थोड्या गेल्या तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, आणि पहिले काही तास मूल ठीकही दिसू शकतं. सगळी औषधं उंचावर, कुलूप असलेल्या कपाटात ठेवा. औषधाला "गोळी-चॉकलेट" म्हणू नका.

मुलानं गोळ्या खाल्ल्याची शंका आली तरी थांबू नका. उलटी करायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. भावंडं सोबत खेळत असतील तर सगळ्यांनाच तपासून घ्या.

कोणाला आधी दाखवायचं?

तिघं आजारी असताना सगळ्यांत जास्त रडणाऱ्याकडे लक्ष जातं. गप्प पडून राहिलेल्याकडे आधी पाहा. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

• तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा जास्त ताप. अशा बाळाला डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉलही देऊ नका
• शांत असताना मिनिटाला श्वास दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त
• श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं
• दूध किंवा पाणी न पिणं, प्यायलेलं सगळं उलटून पडणं
• सहा-आठ तासांत लघवी न होणं
• झटके येणं, जागं करूनही नीट डोळे न उघडणं
• अंगावर दाबलं तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके

ताप किती आहे यापेक्षा मूल कसं आहे हे महत्त्वाचं. १०२ तापातही औषधानंतर खेळणारं मूल एक वेळ सकाळपर्यंत थांबू शकतं; १०० तापात मलूल पडलेलं मूल थांबू शकत नाही.

दवाखान्यात येताना फ्रिजवरचा तो कागद आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. कोणाला काय, किती आणि कधी दिलं, हे त्यातून एका मिनिटात कळतं. आणि आज सगळी मुलं बरी असतील, तर प्रत्येकाचं वजन करून तो कागद आजच तयार करा.