खारवलेली जमीन, मेंढरांचा चारा आणि हक्काचा प्रश्न

शेत खारवले म्हणजे ते मेले, असा आपल्याकडे समज आहे. पीक पिवळे पडते, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो आणि मालक ते रान पडीक टाकतो. परंतु पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी अशाच जमिनीवर मिठाला दाद न देणारा चारा लावून मेंढरे चारण्याची पद्धत रुजवली आहे. हा प्रयोग चळवळीच्या वाचकांनी अवश्य समजून घ्यावा. मात्र त्यासोबत दोन प्रश्न विचारावेत. ही जमीन कोणामुळे खारवली? आणि ती सुधारल्यावर लाभ कोणाच्या पदरात पडतो?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात गव्हाचा विशाल पट्टा आहे. ही भूमी मुळात नूंगर लोकांची. १८२९ साली ब्रिटिशांनी तेथे वसाहत स्थापन केली. समुद्रावरून येणाऱ्या पावसाबरोबर आलेले मीठ तेथील जमिनीच्या पोटात हजारो वर्षांपासून साठलेले होते. खोल मुळांची देशी झाडे पावसाचे बहुतेक पाणी शोषून घेत, म्हणून ते मीठ खालीच राहिले होते. वसाहतवाल्यांनी ही झाडे तोडून गहू पेरला. गव्हाची मुळे त्या मानाने उथळ आणि पीक वर्षातले काही महिनेच उभे. शिल्लक पाणी खाली मुरत गेले, भूजलाची पातळी वर चढली आणि पाण्याबरोबर मीठही वर आले. तेथे कालवा नाही, पाटपाणी नाही. केवळ झाडे तोडल्यामुळे हे घडले.

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वेच्या अभियंत्याने १९२४ सालीच शोधनिबंध लिहून झाडतोड आणि खारवट पाणी यांचा संबंध दाखवून दिला होता. तरीही १९६०च्या दशकात सरकारचे धोरण होते, दरवर्षी दहा लाख एकर नवी जमीन शेतीसाठी मोकळी करायची! आज त्या भागात दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन क्षारपड आहे.

या सर्व काळात नूंगर माणूस कोठे होता? १९०५च्या कायद्याने सरकारी ‘संरक्षक’ अधिकारी मूळ रहिवाशांच्या मुलांचा कायदेशीर पालक झाला. आईबापांचा हक्क कागदावर संपला. कुटुंबे राखीव वस्त्यांत डांबली गेली. रान साफ करणे, मुळे वेचणे, मेंढरांची लोकर कातरणे ही कामे मात्र त्यांच्याकडून अल्प मोबदल्यात करून घेतली गेली. ज्यांचे श्रम या जमिनीत मुरले, त्यांच्या नावावर त्यातले वावरभर रानही झाले नाही. ही कथा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

आता चाऱ्याविषयी. या कामात मुख्य वनस्पती आहे सॉल्टबुश, म्हणजे ऑस्ट्रेलियाचेच देशी झुडूप. ते खारवट जमिनीत तग धरते आणि बारमाही हिरवे राहते. मार्च ते मे हा तेथील चाराटंचाईचा काळ. त्या वेळी ते मेंढरांच्या उपयोगी पडते. पानांत प्रथिने आणि ई जीवनसत्त्व चांगले असते. परंतु वाळलेल्या पानाच्या वजनात सुमारे पाव भाग क्षारच असतो आणि ऊर्जा कमी असते. म्हणून नुसत्या सॉल्टबुशवर मेंढरू पोसत नाही. त्याला भरपूर गोडे पाणी लागते आणि जोडीला भुस्सा किंवा गवत लागते. यासाठी झुडपांच्या ओळी लावून मधल्या पट्ट्यात दुसरा चारा घेतात. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने अधिक पचनाऱ्या झुडपांची निवड करून ‘अनामेका’ हा वाण दिला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ साली मेसिना या द्विदल चाऱ्याचा ‘नेपच्यून’ वाण आणला. तो मीठ आणि पाणथळ दोन्ही सोसतो.

याने जमीन पूर्ववत होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अगदी पांढऱ्या पडलेल्या रानात सॉल्टबुशही जगत नाही. मध्यम खारवट जमिनीवर मात्र पाणी थोडे खाली जाते, माती झाकली जाते आणि उत्पन्न सुरू होते. परंतु रोपे विकत घ्यावी लागतात, कुंपण घालावे लागते, आणि झुडपांनी मूळ धरेपर्यंत मेंढरे आत सोडता येत नाहीत. हे भांडवल आणि ही सवड ज्याच्या हाती जमिनीचा कागद आहे त्यालाच परवडते.

कागद किती निर्णायक असतो ते पाहा. १९९२च्या माबो निकालाने ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांचा भूमिहक्क मान्य झाला. परंतु खाजगी मालकीची जमीन एकदा दिली गेली की तो हक्क तेथे संपुष्टात येतो. गव्हाच्या पट्ट्यातील बहुतेक शेते अशीच खाजगी. २०२१ साली अमलात आलेल्या समझोत्यानुसार नूंगर समाजाला ३,२०,००० हेक्टरपर्यंत जमीन टप्प्याटप्प्याने द्यायची आहे. त्याच्या बदल्यात सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर प्रदेशावरचा मूळ भूमिहक्क त्यांना सोडावा लागला. जमीन खारवली तरी मालकाचा हक्क अबाधित राहिला. हक्क सोडावा लागला तो ज्यांनी ती खारवली नव्हती त्यांना!

महाराष्ट्रात कारण वेगळे आहे. येथे कालव्याचे पाणी उसाला बेसुमार देऊन आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष करून नीरा, कृष्णा, प्रवरा खोऱ्यांतील जमिनी क्षारपड व चोपण झाल्या. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन यांचे सरकारी पुस्तक १९१० साली निघाले होते. इशारा तेथेही होता, येथेही होता. तेथील झुडूप उचलून आपल्या काळ्या मातीत लावावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या मातीला कोणता चारा मानवेल ते संशोधकांनी तपासावे.

पण उद्या अशी योजना आली तर अनुदान सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळेल. मेंढरे मात्र धनगराची. तो दुसऱ्याच्या शेतात वाडा बसवून खत देतो आणि पुढच्या गावाला निघतो. चारा राखणारे, रोपे लावणारे हात भूमिहीन बौद्ध, मातंग, आदिवासी मजुरांचे असतील. म्हणून मागणी आत्ताच स्पष्ट हवी. सरकारी पैशाने सुधारलेल्या पडीक रानात मेंढपाळाला आणि भूमिहीनाला किमान दहा वर्षांचा लेखी चराईहक्क मिळालाच पाहिजे. आणि ‘पडीक सुधारणा’ या नावाखाली गायरान कसणाऱ्याला उठवता कामा नये. तोंडी परवानगी पुढारी बदलला की संपते. लेखी करार न्यायालयात उभा राहतो. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा, मंजूर करून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल आपल्या हाती ठेवावी.