१०५ टक्के लसीकरण? छेद तपासा!

कोपरगावातला एखादा प्रभाग घ्या. समजा, कागदावर वर्षाखालची बाळं १००, आणि गोवर-रुबेलाची लस टोचली १०५ जणांना. खूश होऊ नका. छेदातला आकडा बहुतेक वेळा २०११ च्या जनगणनेवरून वाढवत आणलेला असतो. २०२१ ची झालीच नाही. खरी बाळं १३० असतील, तर २५ लशीविना राहिली, आणि तक्त्यात ती दिसतच नाहीत.

मग? सगळी घरं मोजायची, चिठ्ठ्या टाकून काही निवडायची, घरटी सरासरी माणसं काढून गुणायचं. निवडलेलं घर रिकामं निघालं तर शून्य लिहा. (मोह होतो, पण) शेजारचं भरलेलं घर धरलंत की अंदाज फुगतो. आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्याही मोजा. घरपट्टीच्या यादीत त्या नसतात, बाळं मात्र असतात.