एअर फ्रायर घ्यावा की नाही?

माझ्या मावसबहिणीच्या यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तळलेले पदार्थ बंद करायला सांगितले आणि भजी-वड्यांवर जीव असलेल्या भावोजींचे तोंडच उतरले. मुलाने वाढदिवसाला एअर फ्रायर पाठवला, तेव्हा घरातला प्रश्न मिटल्यासारखे वाटले. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, तर फ्रीजरमध्ये फ्रेंच फ्राइजची तीन आणि नगेट्सची दोन पाकिटे होती. "आता तेल नाही ना, मग रोज खाल्ले तर काय बिघडले?" भावोजींनी मला विचारले. बहिणीने कपाळाला हात लावला.

भावोजींचा प्रश्न अनेक घरांतला आहे. यंत्र चार-पाच हजारांपासून पुढे मिळते. पण ते घ्यायचे की नाही हे ठरवताना किमतीआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या यंत्रात पदार्थ तळलाच जात नाही.

आत काय घडते?

फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला आणि पुढे हेच नाव सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटले. प्रत्यक्षात ती जोरदार पंखा असलेली छोटी भट्टी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा आणि खाली जाळीची टोपली. गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते, तो कोरडा होतो आणि मग खरपूस रंग धरतो. हा रंग आणि वास साखर व प्रथिनांच्या घटकांमधील अभिक्रियेतून येतो. लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन १९१२ मध्ये केले. कढईतही हीच अभिक्रिया होते.

फरक आहे तो उष्णता पोहोचवण्यात. शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात गेला तर फारसे काही होत नाही, उकळत्या पाण्यात गेला तर हात भाजून निघतो. हवा उष्णता देण्यात फार कमजोर आहे. १७०-१८० अंशांचे तेल मात्र पदार्थाला सर्व बाजूंनी एकदम धरते. म्हणून भजीचे पातळ पीठ तेलात पडताच सेट होते. एअर फ्रायरमध्ये ते सेट होण्याआधीच जाळीतून ओघळते. पुरी फुगते तीही पिठातल्या पाण्याची झटक्यात वाफ झाल्यामुळे. हवेच्या भट्टीत ती पुरीसारखी होत नाही, कडक होते. कांदाभजी, बटाटावडा, पुरी, जिलेबी यांच्यासाठी हे यंत्र घेणार असाल, तर निराशाच पदरी पडेल.

याउलट, आधी वाफवलेल्या कोथिंबीर वड्या आणि अळूवड्या यात उत्तम होतात. त्या शिजलेल्याच असतात, फक्त वरचा थर कुरकुरीत व्हायचा असतो. ब्रशने थोडे तेल लावले की पुरते. रवा लावलेली सुरमई, बटाट्याचे काप, भेंडी, पनीर, भरताचे वांगे, मखाणे, शेंगदाणे हेही छान होतात. कालचे सामोसे पुन्हा कुरकुरीत करायला तर मायक्रोवेव्हपेक्षा हेच बरे. पापड मात्र जाळीखाली दाबून ठेवा. हलका असल्याने तो वाऱ्यावर उडून कॉइलला चिकटू शकतो.

तेलाचा हिशेब

एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात. बाजारातल्या तळलेल्या बटाटा वेफर्सच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असते. घरी तेवढेच काप एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तेल चोळून एअर फ्रायरमध्ये केले, तर तेलाच्या कॅलरी ४५ च्या आसपास राहतात. ही बचत खरी आहे.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. तळून उरलेले तेल आपण गाळून ठेवतो आणि फोडणीला वापरतो. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे वाढत जातात. म्हणूनच तळणीच्या तेलात अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. घरात मोजायची सोय नसते. एअर फ्रायरमध्ये असे तेल उरतच नाही.

पण तुमच्या घरात तेल नेमके जाते कुठे, हे आधी पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभरात संपतो, पण तळण आठवड्यातून एकदाच होते? मग जास्तीचे तेल भाजीच्या तर्रीत आणि फोडणीत जाते आहे. त्यावर एअर फ्रायर हा उपाय नाही. फोडणीसाठी पळीऐवजी चमचा वापरा, तो फुकट आहे.

काळपट नको, सोनेरी हवे

पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले किंवा तळले की त्यांत अॅक्रिलामाइड तयार होते. अन्नात ते असते, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उजेडात आणले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग होतो असे दिसले आहे, माणसांबाबतचा पुरावा पक्का नाही. एअर फ्रायरमध्येही ते तयार होते. तापमान आणि वेळ वाढवून काप काळपट केले, तर तेल वाचवूनही हा धोका वाढतो. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात भिजवून, पुसून मगच ठेवा आणि सोनेरी होताच काढा.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. पंधराशे वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर जास्तीत जास्त अर्धे युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपये. ते १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नको. चार लिटरच्या टोपलीत वड्यांचा एकच थर नीट भाजतो, त्यामुळे पाच-सहा माणसांच्या घरात दोन-तीन घाणे काढावे लागतात. टोपलीचा लेप तारेच्या घासणीने खरवडू नका. आणि घरात पंख्याचा, म्हणजे कन्व्हेक्शनचा ओव्हन असेल, तर हे सगळे तो करतोच. वेगळे यंत्र घेऊ नका.

मग घ्यावा का?

आठवड्यातून दोन-तीनदा तळण होणारे, दोन-चार माणसांचे घर असेल, वड्या, काप, मासळी हे आवडीचे असेल आणि ओव्हन नसेल, तर जरूर घ्या. महिन्यातून एकदा भजी होत असतील, तर कढईच बरी. त्या दिवशी ताज्या तेलात तळून बेताने खा.

भावोजींना मी फ्राइजचे पाकीट उलटून घटकांची यादी वाचायला लावली. बटाट्याच्या पाठोपाठ खाद्यतेल लिहिले होते. हे काप कारखान्यातच एकदा तळून मग गोठवलेले असतात. नगेट्सच्या पाकिटावर मिठाचा आकडाही होता आणि भावोजींना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बहिणीला म्हणाले, "उद्या कोथिंबीर आणतो." यंत्र ओट्यावरच राहिले आहे, फ्रीजर मात्र आता रिकामा आहे.